चित्रवाले व रकानेवाले यांच्या झुंजीची आणि मोजणीदार बाईंच्या मौनाची हकीकत

हुजुरांची आज्ञा जाहली की, हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या कोठीत चित्रवाले आणि रकानेवाले यांजमध्ये जी झुंज मातली तिचा करीना आद्यंत लिहावा, कोणाची भीड धरू नये, आणि आपल्या मेजाजवळ खिडकी नाही ही तक्रार मध्येच घुसडू नये. त्यावरून हा बखरकार, दिमत कार्यवृत्त विभाग, खिडकीविषयी चकार शब्द न काढता जे घडले ते लिहितो.

तर कोठीचा प्रकार ऐसा. शहरातील तमाम बसगाड्या आणि आगगाड्या यांत रयत जे काही विसरून उतरे, ते सर्व मुख्य इमारतीच्या तळघरात येऊन पडे. छत्र्या बेसुमार, हातमोजे बहुतकरून एकेकटे, कवळ्या, हेल्मेटे, आणि एक कुबडी, जिचा धनी तिच्यावाचून घरी चालत कसा गेला याचा उलगडा अद्याप जाहला नाही. रयत खिडकीवर येऊन म्हणे, माझा चष्मा द्या. यंत्रात पाहावे तो चष्मा नाही, कारण चष्मा आपल्या घरात मिटून पडलेला आणि कारकुनाने त्या घराची नोंद ‘डबी, काळी’ ऐशी केलेली. मग रयत नाही नाही ते बोलून माघारी जाई आणि चष्मा फडताळात तसाच राही. तेव्हां हुजुरांणी मसलत करून हुकूम केला की, यंत्रास शहाणे करावे, आणि त्याकरिता कोठीची ऑन्टॉलॉजी सिद्ध करावी. ऑन्टॉलॉजी म्हणजे काय म्हणाल, तर कोणती चीज कोणत्या प्रकारात मोडते, कोण कोणाच्या पोटात राहते, कोणाचे कोणाशी नाते आणि कोणाचे कोणाशी मुळीच जमत नाही, याचा यंत्रास उमजेल ऐसा बंदोबस्त. आणि हा बंदोबस्त कोठीच्याच कारकुनांणी करावा, कारण वस्तू त्यांच्याच अंगावर येऊन पडतात.

आता बंदोबस्तास हत्यार पाहिजे. हत्यारे दोन, आणि दोन्ही याच इमारतीत घडलेली. पहिले रकान्यांचे. त्यात वस्तूचे नाव एका रकान्यात लिहावे, प्रकार दुसऱ्यात निवडावा, संबंध तिसऱ्यात, आणि जेथे खूण करावयाची तेथे खूण करून पुढे जावे. त्याचे कर्ते श्रीमंत रकानेबहाद्दर, वडीलधारे, करड्या मिशांचे, बोलण्यात बहुत काटकसरी. दुसरे हत्यार चित्रांचे. त्यात पडद्यावर चौकोन मांडावे, चौकोनातून चौकोनात बाण ओढावे, जमत नसेल तेथे तांबडी रेघ मारावी, आणि एका नजरेत सारा मुलूख पाहावा. त्याचे कर्ते चित्रधुरंधर, वयाने तरुण, तोंडाने त्याहून तरुण. रकानेबहाद्दर म्हणत की, चित्रे भिंतीवर टांगावी, कामात आणू नयेत. चित्रधुरंधर म्हणत की, रकाने भरून माणसास रांगेत उभे राहिल्याचे तेवढे समाधान मिळते. ऐसे उभयतांचे वाकडे, आणि कोठीत हत्यार एकच लागणार, दुसरे मोडीत निघणार.

मग हुजुरांणी हुकूम केला की, कोणते हत्यार कारकुनांच्या हाताला बसते याची मोजणी व्हावी, आणि मोजणीचा कुल अखत्यार मोजणीदार बाईंस दिला. माणसाच्या हाती सॉफ्टवेअर देऊन तो कोठे अडतो, कोठे चुकतो आणि कोठे कपाळाला हात लावतो हे टिपणे, ही बाईंची विद्या, आणि त्या विद्येत त्यांचा हात धरणारा इमारतीत दुसरा कोणी नव्हता. परंतु दैवाची खोड पाहा. रकानेबहाद्दर हे बाईंचे सासरे, आणि चित्रधुरंधर हा बाईंचा पाठचा भाऊ. निकाल इकडे दिला तर माहेर तुटते, तिकडे दिला तर सासर रुसते, आणि न द्यावा तर नोकरी आणि इमान दोन्ही जाते. बाईंणी हुजुरांस अर्ज केला की, नात्यातली माणसे आहेत, दुसरे कोणी नेमावे. हुजुरांणी बिस्कीट चहात बुडवता बुडवता जाब दिला की, दुसरे कोणी नाही.

त्या दिवसापासून रकानेबहाद्दरांणी सुनेशी बोलणे टाकले. ते मुळातच कमी बोलत, म्हणून सासूबाईंस काही दिवस फरक कळला नाही. मग बहाद्दर मीठसुद्धा भिंतीकडे पाहून मागू लागले तेव्हां कळला. बाईंचे यजमान यांस मध्यस्थी करावयास सांगितले, तर त्यांणी “मला यात ओढू नका,” म्हणून पेपर तोंडापुढे धरला. भावाचा फोन येई की, “ताई, तू फक्त खरं लिही, बाकी मी जिंकतोच,” आणि बाई म्हणत, “तू गप्प बस, आधी तुझे बाण सरळ कर.” वरकरणी बाई हसत, परंतु सासऱ्यांचे मौन त्यांस बहुत लागले. लग्न होऊन आल्यावर या घरात त्यांच्या कामाविषयी कोणी दोन प्रश्न विचारले असतील तर ते याच सासऱ्यांणी.

मोजणीचे कायदे कडक. कारकुनाने पडद्यासमोर बसावे, दिलेले काम करावे, आणि करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलावे, म्हणजे तो कोठे गोंधळला हे बाहेर उमटते. मोजणीदाराने शेजारी बसावे, सर्व टिपावे, आणि काही झाले तरी मदत करू नये, खुणावू नये, चेहरा हलवू नये. कारकून फारच गप्प झाला तर ‘बोलत राहा’ एवढेच म्हणण्याची मुभा, त्यापुढे अक्षर नाही.

प्रथम चित्रांचा मोर्चा लागला. कारकुनांणी माऊस उजव्या हाती घेऊन चौकोन ऐसे पसरले की पडदा भरून गेला, आणि सर्वांची मुद्रा प्रसन्न जाहली. एक कारकून टापटिपीचा. त्याने चष्म्याचा चौकोन घराच्या चौकोनाशेजारी अगदी खेटून मांडला, दोहोंस एकच रंग दिला, आणि हात झाडून उठला. परंतु बाण ओढला नाही. यंत्रास शेजार कळत नाही, त्यास बाण लागतो. सबब यंत्राच्या लेखी चष्मा आणि घर एकमेकांस ओळखतही नाहीत ऐसे राहिले. नंतर विचारता कारकून म्हणाला, “शेजारी ठेवलंय की. दिसतंय ना?” ऐसेच अनेकांणी केले. दाराआडून ऐकणाऱ्या चित्रधुरंधराचे तोंड उतरले, आणि रकानेबहाद्दर त्या दिवशी जिन्याने गुणगुणत उतरले ऐसे पाहणारे सांगतात.

मग रकान्यांचा मोर्चा. येथे कारकून तयारीचे, जन्म रकाने भरण्यात गेलेला. कीबोर्डाचा कडकडाट ऐसा उठला की कोणी मध्ये शिंकले तर ऐकू येऊ नये. चित्रांत दुपार गेली ते काम यांणी चहाच्या आत उरकले. सर्वांत पुढे कोठीबाई, म्हणजे कोठीच्या मुख्य, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात शिस्त. त्या भरता भरता मोठ्याने बोलत्या जाहल्या की, “आपलीच माणसं वस्तूचे मालक म्हणून उभी राहायला लागली तर कोठी दोन दिवसांत रिकामी होईल,” आणि जेथे कर्मचारी व मालक हे कदापि एक नव्हेत ऐसे सांगण्याची सोय होती, तेथे त्यांणी ठसक्यात खूण केली, आणि पुढे गेल्या.

आता प्रत्येक कामाच्या अंती यंत्रातील तर्काधिकारी, ज्यास कारकून काझी म्हणत, तो सर्व नोंदी ताडून निवाडा देई. शेवटचे काम ऐसे होते की, नुकत्याच हरवलेल्या एका खऱ्या वस्तूची नोंद मालकाच्या नावासह करावी. कोठीबाईंची छत्री त्याच सकाळी बसमध्ये राहिली होती, म्हणोन त्यांणी आपलेच नाव घातले. काझीने क्षणभर विचार केला आणि निवाडा दिला की, ऐसी व्यक्ती असणे अशक्य आहे. कोठीबाईंणी पुन्हा भरले. काझी म्हणाला, अशक्य. तेव्हां त्या खुर्चीतून अर्ध्या उठून बोलल्या, “मी नाही? मग तुझ्यापुढे हे कोण बसलंय?” मग कर्मचारी व मालक यांत फारकत करणारी आपलीच खूण शोधू लागल्या तो सापडेना. रकाने पालथे घातले, टॅबमागून टॅब उघडला, आणि शेवटी संतापून किल्ल्यांचा जुडगा मेजावर आपटून निघून गेल्या.

हीच चूक चित्रांतही जाहली होती, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु तेथे कर्मचारी आणि मालक यांमध्ये तांबडी रेघ उभी राहिली, ती पलीकडच्या मेजावरून दिसली, आणि शेजारच्याने “ही कशाला रे?” म्हणताच कारकुनाने पुसून टाकली.

कोठीबाई अशक्य ठरल्याची बातमी जिन्यांवरून वर पोहोचली, आणि रकानेबहाद्दरांची मर्जी खप्पा जाहली. ते खासा हुजुरांच्या दालनात जाऊन बोलले की, हत्यारात खोट नाही, खोट धरणाऱ्याच्या हातात आहे, खूण जेथे केली तेथेच असते, मी उघडून दाखवतो. हुजूर जात्या आळशी, परंतु तमाशाचे शौकीन. त्यांणी तत्काळ फर्मान काढले की, बहाद्दरांणी सर्वांसमक्ष बसून खूण शोधावी, मात्र मोजणीच्याच कायद्याने. मोठ्याने बोलावे, आणि मोजणीदार बाईंणी शेजारी मुकाट बसावे. बाईंणी अर्ज केला की, कर्त्याची बैठक मोजणीत धरता येत नाही. हुजूर म्हणाले, धरू नका, पण बसवा.

तेणेप्रमाणे खोलीत जागा जाहली. एका अंगास हुजूर, एका अंगास चित्रधुरंधर, दाराशी कोठीबाई, आणि मध्ये सासरा व सून एकाच पडद्यासमोर, कित्येक दिवसांत इतके जवळ न बसलेले. बाईंस खूण कोठे आहे हे पक्के ठाऊक होते. सांगावे तर मोजणी बाटते, न सांगावे तर वडील माणसाची सर्वांपुढे फजिती होते. त्यांणी पेन हाती घट्ट धरले आणि पडद्याकडे नजर लावली.

बहाद्दरांणी आरंभ केला. “बरं. हा कर्मचारी. उघडला. टॅब आहेत, दिसतायत. संबंधामध्ये असणार.” मग थांबले. “नाही. मग ‘प्रगत’ टॅबमध्ये. इथे मी एक यादी ठेवली होती. ही ती नव्हे.” मग बहुत वेळ नुसता माऊस फिरत राहिला.

बाई म्हणाल्या, “बोलत राहा, बाबा.”

“बोलतोय. आता मालकाच्या बाजूने जातो. इथेही नाही. मीच केलंय हे सगळं, आणि मलाच दिसत नाही. एवढ्या पोटात कशाला घातलं असेल मी?” मिशीवरून हात फिरवला. कायद्याने मनातले बोलावयाचे होते, आणि बहाद्दर कायदा पाळणारे. एकदा बांध फुटल्यावर जे मनात होते ते सर्व त्याच सुरात बाहेर आले. “हिला माहीत आहे कुठे आहे ते. सांगणार नाही. सांगायचं नसतंच, मीही नसतं सांगितलं. चोख आहे पोरगी. एका बाजूला भाऊ, एका बाजूला मी, मध्ये ही एकटी. आणि मी काय केलं, तर बोलणं टाकलं. हरेन म्हणून घाबरलो आणि राग हिच्यावर काढला. या वयात शोभत नाही हे.”

हुजूर छताकडे पाहू लागले, चित्रधुरंधर आपल्या बुटांकडे, आणि कोठीबाईंणी किल्ल्या वाजू नयेत म्हणोन मुठीत धरल्या. मोजणीदार बाईंच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. परंतु कायद्याने चेहरा हलवू नये, म्हणोन त्यांणी तो हलवला नाही, आणि पाणी आपल्या मार्गाने खाली गेले. आवाज मात्र पुरता ताब्यात राहिला नाही.

“बोलत राहा, बाबा.”

“आता काय बोलू? झालं की बोलून. खूण काही सापडत नाही, एवढं लिही.”

मग बैठक संपली ऐसे जाहीर करून बाईंणी माऊस घेतला, प्रगत टॅबच्या तळाशी मिटलेली एक पट्टी उघडली, आणि खूण दाखवली. बहाद्दर पडद्याजवळ वाकून म्हणाले, “इथे कोण शोधणार?” आणि चित्रधुरंधर, ज्याने हसावयाची तयारी घरून करून आणली होती, तो न हसता म्हणाला, “माझ्याकडेही शेजार आणि बाण यांत लोक फसतात, काका. सांगा काहीतरी.” बहाद्दरांणी तेथेच दोन सूचना सांगितल्या, आणि दोन्ही चांगल्या होत्या.

पुढे अहवाल सिद्ध जाहला. कोठीचा बंदोबस्त चित्रांनी करावा, कारण चूक चित्रांत दिसते आणि रकान्यांत दडते; जो चौकोन बाणाविना राहील त्यावर यंत्राने हरकत घ्यावी; आणि रकाने वेगवान खरे, परंतु ज्यास आपले चुकलेले सापडत नाही त्यास वेगाचा उपयोग काय, ऐसे त्यात स्पष्ट लिहिले. सही होण्यापूर्वी बहाद्दर आपण होऊन बाईंच्या मेजापाशी आले आणि उभ्या उभ्या फर्मावते जाहले की, आपली बैठकही अहवालात घालावी, आणि नापास म्हणोनच घालावी.

बाई म्हणाल्या, “मोजणीत धरता येत नाही, बाबा.”

“मग तळटीप दे.”

“तळटीप देते. पण नापास लिहिणार नाही. नापास साधन होतं, माणूस होत नाही. नियमच आहे तो.”

“साधन मीच केलंय.”

“तरीसुद्धा.”

बहाद्दर खुर्ची ओढून बसले, आणि मोजणीचे बाकीचे नियम एकेक करून विचारू लागले. आणि बाई सांगत गेल्या, इतक्या की सही घेण्यास आलेले हुजूर दाराशी खोळंबून परत गेले.

येणेप्रमाणे चित्रवाल्यांची फत्ते जाहली, रकानेवाल्यांची इज्जत तळटिपेत राहिली, ती खूण पुसताच कोठीबाईंचे अस्तित्व यंत्राने मान्य केले, आणि मोजणीदार बाईंचे सासर व माहेर दोन्ही मुलूख, एकही खोटे अक्षर न लिहिता, शाबूत राहिले. हे वर्तमान हुजुरांच्या दफ्तरी रुजू व्हावे.