विहीणबाईंची न हलणारी लेन्स

आमच्या विहीणबाईंना चहा नेहमी अर्धा कप लागतो. कप मात्र मोठा पाहिजे. लहान कपात काठोकाठ दिला तर हात लावणार नाहीत, मोठ्या कपात तेवढाच दिला की पिणार. "अर्धाच द्या, विहीणबाई. भरला कप मला सोसत न्हाई." पहिल्या वेळी मला वाटलं, आमच्या दुधाला नावं ठेवतायत. मी म्हशीचं दूध आमच्या वडगाव रासाईवरून किटलीत घालून, दोन गाड्या बदलून कारेगावला आणायचं, आणि ह्यांनी अर्धा कप म्हणायचं! मी मनात म्हटलं, रेल्वेवाल्यांचा डौल आहे हा.

आधी ओळख करून देते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई एकदम चहावरच आली. माझा मिलिंद रांजणगावला कारखान्यात आहे आणि कारेगावात दोन खोल्या घेऊन राहतो. सून रेखा. रेखाची आई म्हणजे ह्या विहीणबाई, प्रमिलाबाई, दौंडच्या. नवरा रेल्वेत गार्ड होते. ते गेल्यावर ह्या तिकिटाच्या खिडकीवर लागल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. आम्हा दोघींत नात एकच, सांची. सहा वर्षांची. एका विहिरीवर दोन मोटारी बसवल्या की कसं होतं, तुम्हाला माहीत असेल. पाणी सगळ्यांना पुरतं, पण कुणाच्या पाइपात जास्त गेलं ह्यावर डोळा असतोच. माझा तर फारच होता. खोटं कशाला बोलू?

तर ह्या प्रमिलाबाईंना फोटोचं वेड. मोबाइलचे फोटो नव्हेत. चांगला गळ्यात अडकवायचा कॅमेरा. फोटो काढताना लोक "हसा" म्हणतात. ह्या म्हणतात, "लाइन क्लिअर?" म्हणजे पुढचा रस्ता मोकळा आहे, गाडी सोडू का, असं स्टेशनावर विचारतात ते. सांचीनं "क्लिअर!" असं ओरडायचं, मग ह्यांनी बटण दाबायचं आणि वर म्हणायचं, "सुटली!" पोरगी हसून हसून लोळायची. मी कोपऱ्यात बसून गवारीच्या शेंगा मोडायची.

कॅमेऱ्याला पुढचा डोळा असतो, त्याला लेन्स म्हणतात. ती लेन्स निवडायला ह्या बाईंनी आठ महिने घेतले. आठ महिन्यांत आम्ही मिलिंदचं लग्न जमवून, करून, मांडव उतरवला होता. दर मंगळवारी दौंडवरून डेमू गाडीनं पुण्याला जायचं, एका दुकानात शिरायचं, लेन्स लावून दारातून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर टिपायचं, त्यावरची बारीक अक्षरं वाचता येतात का बघायचं, आणि परत यायचं. शेवटी दुकानदार म्हणाला, "मावशी, आज तरी घेणार ना?"

"आज बघायला आलेय."

"मागच्या मंगळवारी पण बघायलाच आला होतात."

"पोरीला दिली ती जागा मी सहा वेळा बघितली होती. जावई काय बदलून मिळत न्हाई."

जावई म्हणजे आमचा मिलिंद! हे त्यांनी मलाच, माझ्याच लेकाच्या घरात, माझाच चहा अर्धा पीत सांगितलं.

आणि त्या लेन्सचं पुराण! मला शेतीतलं विचारा. पण त्या आठ महिन्यांत मला फोटोचं इतकं कळलं, की मी दुकान टाकलं असतं. "मला एकच लेन्स पाहिजे, विहीणबाई. रोजची. सांडशी कशी, दुधाचं पातेलंबी उतरवती आन् तव्यालाबी चालती, तशी. जवळचंबी धरायची, लांबचंबी ओढायची. सारखी काढ-घाल करायला नको." एक लेन्स म्हणे कमी उजेडातही झकास चालायची, पण तिच्यात हात सावरायची सोय नव्हती. दुसरी पार लांबचं दाखवायची, पण विटेएवढी जड. ह्यांनी मधली घेतली. मी म्हटलं, "अंधारात चालणारी का न्हाई घेतली? पैसे तर तेवढेच होते म्हणता."

तर म्हणाल्या, "उजेड कमी पडला तर खिडकी उघडता येती. हाताचं काय उघडायचं?"

मला वाटलं, बोलायची पद्धत आहे एकेकाची.

त्या लेन्सच्या अंगाला एक बारकं बटण होतं, नखाएवढं. ते वर असलं की लेन्स आतल्या आत तोल सांभाळते. धरणाऱ्याचा हात हलला तरी फोटो हलत नाही. खाली केलं की बंद. "कॅमेरा स्टँडवर ठिवला तर बंद करायचं असतं," त्या सांगायच्या. "पन मी स्टँड वापरत न्हाई. म्हंजी हे बटण आता माझ्या जन्मात खाली व्हायचं न्हाई." आणि लगेच सांचीला शिकवायच्या, "पन ध्यानात ठेव हां बाळा, ही लेन्स धरणाऱ्याला थांबवती, नाचणाऱ्याला न्हाई. तू हललीस तर तू पुसट येणार!"

मग भिंतीवर फोटो लागले. कारेगावच्या त्या खोलीत दाराशेजारची सगळी भिंत सांचीची. सांची दात पडलेली, सांची पावडर लावलेली, सांची बोराचा आंबट घास घेतलेली. इतके स्वच्छ, की पापणीचा केस मोजावा. आणि मी? मी चार फोटोंत होते, पण कशी? नुसते हात. सांचीची वेणी घालणारे हात, सांचीला भाकरी चुरून देणारे हात. मनगटाच्या वर मी संपले! एका फोटोत माझं कोपर होतं, तेवढंच काय ते माझं नातं. मी मिलिंदला म्हटलं, "तुझ्या सासूनं मला कापून काढलं." तो म्हणाला, "आई, ती फोटोची स्टाइल असती." स्टाइल! माझं मुंडकं उडालं आणि ह्याला स्टाइल दिसली.

त्यात सांची माझ्या विहीणबाईंना म्हणायची 'कॅमेराआजी', आणि मला 'गवारआजी'.

बरं, एवढी माया असेल तर पोरीला मांडीवर घ्यावं की नाही? कधी नाही. सांची धावत गेली की ह्या कॅमेरा मध्ये धरायच्या, नाहीतर पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायच्या, जशी काय त्यात स्टेशनाची तिजोरी आहे. घास भरवायला सांगितलं तर, "तुम्हीच भरवा. तुम्हाला जमतं." वेणी घालायला सांगितलं तर, "तुमच्यासारखी मला न्हाई येत." मी मनात म्हणायची, बरोबर आहे, राबायला आम्ही आणि भिंतीवर कौतुकाला तुम्ही.

आता माझं पाप सांगते.

संविधान दिनाला सांचीच्या शाळेत कार्यक्रम होता आणि सांची उद्देशिका म्हणणार होती. सगळी, पाठ. ती मी शिकवली होती. मी चौथी शिकलेली बाई. मोठे जोडशब्द वाचायला मी आमच्या विहाराच्या भिंतीवर शिकले. तिथं उद्देशिका रंगवलेली आहे. झाडलोट करता करता एकेक शब्द लावून मी ती पाठ केली. महिनाभर रोज संध्याकाळी फोनवर मी एक शब्द म्हणायची, सांची एक. 'सार्वभौम' शब्दावर आम्ही चार दिवस अडलो होतो. आणि कार्यक्रमाच्या सकाळी माझ्यासमोर पोरगी काय विचारते? "कॅमेराआजी येणार ना? ती नाही आली तर मी म्हणणारच नाही."

विहीणबाई आल्या. अर्धा चहा प्यायल्या. तोंड धुवायला मोरीत गेल्या. कॅमेरा खाटेवर होता. मी नखानं ते बटण खाली केलं. टक्. एवढाच आवाज झाला. म्हटलं, येऊ द्या आज एक दिवस पुसट.

शाळेचा हॉल पत्र्याचा. दोन ट्यूबा, त्यातली एक मिणमिणती. सांची पुढं आली, हात सरळ, खांबासारखी उभी. विहीणबाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. आणि लगेच खाली घेतला. लेन्स पदरानं पुसली. परत लावला. परत खाली. मी शेजारीच होते. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मी त्यांच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. बटण बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्या स्वतःच्या हातांकडं बघत होत्या. आपलंच पोर ओळख दाखवीना, अशा बघत होत्या. सांची 'बंधुता'पर्यंत पोचली तोवर कॅमेरा मांडीवर होता आणि दोन्ही हात पर्समध्ये खुपसलेले.

टाळ्या झाल्या. माझा एकही शब्द पोरीनं चुकवला नव्हता, आणि माझ्या कानात काही शिरलं नाही.

सांची पळत आली. "दाखव, दाखव!"

"न्हाई आलं बाळा," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर मिलिंद आणि रेखा सांचीला खाऊ आणायला गेले. विहीणबाईंनी कॅमेऱ्याची बॅग उचलली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"हे तुमच्याकडं ठेवा."

"मी काय करू त्याला?"

"तुम्ही काढा तिचे फोटो. तुमचे हात चांगले हायेत." मग त्यांनी पर्स बाजूला ठेवली आणि हात माझ्यासमोर धरले. वाऱ्यावर पिंपळाचं पान हलावं तसे ते हलत होते. "तीन वर्सं झाली. गोळ्या चालू हायेत. रेखाला सांगितलं न्हाई. तिला कळलं तर मला एकटीला गाडीत बसू देणार न्हाई, मग मी दौंडात बसून भिंती बघू का? लेन्स सांभाळून घेत होती आजवर. आज समोर बघितलं तर पोरगी नुसती थरथरती. आता लेन्सच्याबी हाताबाहेर गेलं म्हणायचं."

अर्धा कप. पर्स. मांडीवर न घेणं. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

"आन् माझे नुसते हात का काढता मग?" मी विचारलं. आता विचारायची ही वेळ होती का? पण ते पोटात होतं ते आधी बाहेर आलं.

"कुणाचे काढू? तुम्ही तिची वेणी घालता, एक केस इकडचा तिकडं न्हाई. मी घालायला गेले तर तिला ओरबाडीन. जळते मी तुमच्यावर, विहीणबाई. खरं सांगते. घरी एकटी बसून ते फोटो मोठे करून बघते."

घ्या! मी इकडं जळतेय, त्या तिकडं जळतायत, आणि दोघींचा धूर त्या एका भिंतीवर!

मी बॅग उघडली, कॅमेरा काढला आणि ते बटण त्यांना दाखवलं. खालीच होतं.

"हे मी केलं. सकाळी. तुम्ही मोरीत होता तवा."

त्या बटणाकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, आता बोला, शिव्या द्या, रेखाला सांगा, काय ते करा. त्यांनी करंगळीनं बटण वर केलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि पार टोकापर्यंत झूम ओढून खिडकीवरच्या माझ्या किटलीकडं बघितलं. कितीतरी वेळ. मग कॅमेरा खाली घेतला, तेव्हा त्यांचं तोंड असं उजळलं होतं!

"म्हंजी वाढलं न्हाई!" त्या म्हणाल्या. "थांबतीय किटली! विहीणबाई, माझे हात तेवढेच हायेत!"

आणि मला मिठी मारली. मी त्यांचा एवढा घात केला आणि बाई मला मिठी मारतेय. मग सावकाश म्हणाल्या, "पन तुम्ही लई वंगाळ हाय बरं का." मी म्हटलं, "व्हय."

सांची आली तशी मी तिला परत उभी केली आणि पहिल्यापासून म्हणायला लावलं. कॅमेराआजीनं मनासारखे फोटो काढले. मग मी म्हटलं, "आता तुम्ही बसा. सांचे, आजीच्या मांडीवर बस." त्या मागं सरकल्या. मी म्हटलं, "भिऊ नका. ती काय दुधाचा कप हाय का सांडायला? सहा वर्षांची घोडी हाय, तीच तुम्हाला धरील." सांची बसली. विहीणबाईंनी भीत भीत तिच्या खांद्यांवर हात ठेवले. मी कॅमेरा डोळ्याला लावला, म्हटलं, "लाइन क्लिअर?" दोघी एकदम ओरडल्या, "क्लिअर!"

फोटो आला तो रेखानं मोठा करून बघितला. सांचीचा पडलेला दात स्वच्छ, विहीणबाईंच्या चष्म्याची काडी स्वच्छ, मागची भिंत स्वच्छ. सांचीच्या खांद्यांवरचे दोन हात तेवढे पुसट, पाखरानं पंख फडफडवावे तसे.

"आई, तुझे हातच कसे हलले?" रेखानं विचारलं.

विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी चहा ठेवायला उठले. मोठा कप घेतला, अर्धा भरला, आणि तोवर त्यांनी लेकीला सगळं सांगितलं होतं. बटणाचं सोडून.

तो फोटो भिंतीवर मधोमध लावलाय. विहीणबाई म्हणत होत्या, हललेला आहे, काढून टाका. मी म्हटलं, हात लावून बघा! आता त्यांना दौंडवरून आणायला महिन्यातून एकदा मीच जाते, वडगावहून उलटा हेलपाटा घालून. त्या फोटोत माझं बोटसुद्धा नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

म्हणजे, थोडं वाटतं.