लाईकची पोच

काकांनी काकूंना शब्द दिला तेव्हा ते चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट बुडवताना माणसाने कुणालाही कसलाही शब्द देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा अंगात भलताच उदारपणा संचारलेला असतो. "दोनशे माणसं आणतो," काका म्हणाले. "एक कमी नाही." तेवढ्यात अर्धं बिस्कीट कपात पडून तळाला गेलं, पण काकांचं तिकडे लक्ष नव्हतं.

प्रश्न काकूंच्या गाण्याचा होता. काकूंचा बारा बायकांचा गट आहे. दर बुधवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, टेबल भिंतीला सारायचं आणि घसा दुखेपर्यंत गायचं, असं वर्षभर चालतं. वर्षातून एकदा बागेशेजारच्या मैदानावर, संध्याकाळी पाचला, सगळ्या भागासाठी फुकट कार्यक्रम. गेल्या वर्षी गाणाऱ्या बारा होत्या आणि ऐकणारे तीन. त्यातले दोघे आधीपासूनच बाकावर बसलेले होते, आणि तिसरा माणूस लाऊडस्पीकर परत न्यायला आला होता. तोसुद्धा घड्याळाकडे बघत होता! त्या दिवशी काकूंनी घरी येऊन गाण्याची वही कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर टाकली. यंदा ती खाली काढली खरी, पण काकांना आधीच बजावलं, "यंदाही कुणी आलं नाही, तर मी गाणं सोडलं. त्या अकरा जणींना मी कोणत्या तोंडाने पुन्हा उभं करू?"

काकू असलं उगाच बोलणाऱ्यातल्या नाहीत. एकदा त्यांनी साखर सोडते म्हटलं होतं, त्याला बावीस वर्षं झाली.

काका म्हणजे निवृत्त पोस्टमन. छत्तीस वर्षं याच भागात बटवडा केला. कुणाची घंटा बिघडलेली, कुणाचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कुणाचा खरोखर चावतो, दार उघडायला कोण तीन मिनिटं लावतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. गाण्यातलं मात्र ओ की ठो कळत नाही. लग्नाआधी काकूंना त्यांनी सांगितलं होतं की मला गाण्याची फार आवड आहे. आता इतक्या वर्षांनी ते मागे कसं घेणार?

त्यांची लेक दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. तिने काकांच्या मोबाईलवरून भागाच्या ग्रुपवर जाहिरात टाकून दिली. मैदानाचा फोटो, तारीख, वेळ, सर्वांनी यावे. मग ती आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी निघून गेली. जाता जाता एवढंच सांगितलं की लोक खाली लाईक करतील, ते जरा बघत जा. आता हे 'बघत जा' म्हणजे नक्की काय करायचं, तेही सांगून गेली असती तर तिचं काय बिघडलं असतं?

पहिल्याच दिवशी एक्केचाळीस लाईक आले. प्रत्येकाखाली नाव होतं. काकांच्या लेखी हा सरळ मामला होता. आपण पत्र टाकलं, एक्केचाळीस जणांचं 'येतो' म्हणून उत्तर आलं. आणि कुणाचं काही आलं, की त्याला पोच द्यायची असते. छत्तीस वर्षं ज्याने रजिस्टर पत्रावर सही घेतल्याशिवाय पाऊल मागे घेतलं नाही, तो माणूस एक्केचाळीस लाईक तसेच पडू देईल होय? काकांनी माळ्यावरून जुनी खाकी पिशवी काढली, लांबडी वही आखली: नाव, पत्ता, लाईक मिळाल्याची वेळ, येणार किती, सही. काकूंना म्हणाले, जरा पाय मोकळे करून येतो.

पहिला नंबर शिंप्याचा लागला. काका दुकानात शिरले आणि म्हणाले, "आपला लाईक काल सहा वाजून वीस मिनिटांनी मिळाला. पोच द्यायला आलोय. किती जण येणार?"

शिंप्याच्या पायाखालचं मशीन थांबलं. त्याने काल कोणाच्या तरी मांजरीलाही लाईक केलं होतं, बंद पडलेल्या पंख्यालाही केलं होतं. काय वाचलं, काय नाही, त्याला आठवतसुद्धा नव्हतं. पण ज्या माणसाने इतकी वर्षं आपली पत्रं भर उन्हात आणून दिली, त्याला तोंडावर कसं सांगायचं की मी न वाचताच दाबलं? त्याने 'चार' लिहून सही ठोकली. काका गेल्यावर बायकोने विचारलं, कुठले चार? तो म्हणाला, बघू.

एका घरी बाईंनी दार उघडलं. काकांनी वही बघून सांगितलं की साहेबांचा लाईक सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी आला आहे. बाई म्हणाल्या, अकराला तर ते मीटिंगमध्ये होते, माझा फोन उचलायलाही त्यांना फुरसत नव्हती. काका म्हणाले, वेळ अचूक आहे, आमच्याकडे चूक होत नाही. पुढे त्या घरात काय झालं ते मला ठाऊक नाही, पण वहीत त्या दोघांच्या दोन वेगवेगळ्या सह्या आहेत आणि साहेबांची जरा थरथरलेली आहे.

तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने ग्रुपवर इशारा टाकला, "सावध राहा. गाण्याच्या जाहिरातीला लाईक केलंत तर माणूस घरी येतो. सही घेतल्याशिवाय हलत नाही." या इशाऱ्याला तीनशे बारा लाईक पडले!

काकांनी तो इशारा चष्मा लावून दोनदा वाचला आणि त्यांचा ऊर भरून आला. नोकरीत असताना साहेबाने कधी कौतुक केलं नव्हतं, आणि इथे एक बेकरीवाला चारचौघांत सांगतोय की हा माणूस सही घेतल्याशिवाय हलत नाही. वर तीनशे बारा लोक त्याला दुजोरा देतायत! काकांनी दुसरी वही आखली आणि त्या तीनशे बारांना पोच द्यायला निघाले. त्यातल्या निम्म्यांना गाण्याचा कार्यक्रम आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. ते त्यांना उंबऱ्यात कळलं.

मग लोकांनी जाहिरातीवरचे लाईक काढून घ्यायला सुरुवात केली. सकाळी अठ्ठ्याऐंशी होते, दुपारी तीस उरले. काकांचा चेहरा पडला. पण पोस्टाच्या नियमात आलेलं टपाल कारणाशिवाय परत जात नाही. घर बंद, पत्ता अपुरा, घेण्यास नकार, काहीतरी शेरा लागतोच. तेव्हा काका पुन्हा निघाले, आता कारण विचारायला. खाकी पिशवी गल्लीच्या टोकाला दिसली की लोक टीव्हीचा आवाज बंद करून श्वास रोखून बसायचे. दातांच्या डॉक्टरांनी तर स्वतःच्याच दाराआडून सांगितलं, "डॉक्टर घरात नाहीत." काकांनी शांतपणे वहीत लिहिलं: डॉक्टर घरात नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले.

खूश होत्या त्या फक्त चौथ्या मजल्यावरच्या आजी. त्यांच्या दाराशी कित्येक वर्षांत कुणी पत्र घेऊन आलं नव्हतं. त्यांनी पहिल्याच दिवशी लाईक केला, काका पोच द्यायला आले, दोघांनी तासभर गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी आजींनी लाईक काढून घेतला, काका कारण विचारायला आले, पुन्हा तासभर गप्पा. तिसऱ्या दिवशी परत लाईक! काकांना काही ते उमगलं नाही. त्यांनी आपलं शेऱ्यात लिहिलं, मन स्थिर नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लेकीचा फोन आला. तिने ग्रुप उघडला होता. जाहिरातीला लाईक उरला होता एक, चौथ्या मजल्यावरचा. तिने बापाला समजावून सांगितलं की लाईक म्हणजे येतो असं नसतंच मुळी, लोक जाता जाता दाबतात आणि विसरतात, आणि तुम्ही ज्यांच्या दारात उभे राहिलात ते तर आता मैदानाच्या बाजूने चालणारसुद्धा नाहीत. "बाबा, आईला काय सांगणार आहात?"

काका खुर्चीत बसले ते बसलेच. दोनशे खुर्च्या सांगून झाल्या होत्या. आतल्या खोलीत काकू मिठाच्या पाण्याने गुळण्या करत होत्या, आणि मधेच थांबून एक ओळ गाऊन बघत होत्या. काकांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती ओळ म्हणताना काकू आनंदात आहेत एवढं भिंतीतूनही कळत होतं. काकांना रडू यायचंच बाकी होतं. दोनदा ते आत जाऊन सांगायला उठले आणि दोनदा पाणी पिऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला मैदानावर दोनशे खुर्च्या आणि बाकावरचे दोघे. बारा बायका रांगेत उभ्या होत्या. काकूंनी खुर्च्यांकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. काका फाटकाशी वही छातीशी धरून उभे होते आणि बुटांकडे बघत होते.

पाचला पाच कमी असताना शिंपी आला. बायको, मेहुणा आणि मेहुण्याची सासू मिळून मोजून चार. पाठोपाठ डॉक्टर आले. काकांना आश्चर्य वाटलं, तसं ते बोललेही. डॉक्टर हळूच म्हणाले, "सही केली होती ना काका. आलो नाही तर उद्या तुम्ही कारण विचारायला येणार."

झालं असं, की सगळ्यांनी हाच विचार केला होता. परत दारात वही बघण्यापेक्षा तासभर गाणं परवडलं! बेकरीवाला आला. मीटिंगवाले साहेब बायकोच्या एक पाऊल मागून आले. ज्यांच्याकडे काका अजून पोचले नव्हते, ते हा माणूस आहे तरी कसा हे बघायला आले. आजी आख्खा चौथा मजला घेऊन आल्या. खुर्च्या संपल्या, लोक गवतावर बसले, आणि काका फाटकाशी घामाघूम होऊन एकेका नावापुढे खूण करत राहिले.

पहिलं गाणं लोकांनी भीतीपोटी ऐकलं, दुसरं भिडेपोटी. तिसऱ्याला कुणीतरी पाठीमागून ओरडलं, पुन्हा म्हणा! मग चौदा गाण्यांची सतरा झाली. शेवटी सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि काकू डोळे पुसून पुसून हसत होत्या.

मैदान रिकामं झाल्यावर काकू फाटकाशी आल्या. "कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"दोनशे एकसष्ट," काका म्हणाले. "कडेवरची मुलं धरलेली नाहीत."

"अहो, गाणं कसं झालं विचारतेय."

काकांचं इकडेतिकडे पाहून झालं, वहीची पानं चाळून झाली. खोटं बोलावं तर कोणतं गाणं आधी होतं आणि कोणतं नंतर, तेही माहीत नव्हतं. अखेर त्यांनी कबूल केलं की नावं जुळवताना एक ओळसुद्धा कानावर पडली नाही.

काकूंनी त्यांच्या हातातून वही काढून घेतली. वळून त्या अकरा जणींशी काहीतरी बोलल्या. पर्स खांद्याला लावून निघालेल्या अकरा जणी हसत हसत परत जागेवर आल्या. काकूंनी एक खुर्ची ओढून बरोबर मैदानाच्या मधोमध ठेवली आणि काकांना तिच्यावर बसवलं.

"सतराच्या सतरा?" काकांनी क्षीण आवाजात विचारलं.

"सतराच्या सतरा," काकू म्हणाल्या. "टाळ्या नकोत, लाईक नको. नुसते जागे राहा."

सातव्या गाण्यापर्यंत ते राहिलेही.