नीटनेटक्या बगळ्याची यादी

एका जंगलात, बाळांनो, एक राजा होता. सिंहच. त्या जागेसाठी दुसरं कोणी अर्ज करत नाही.

जंगलात पाणवठा एकच होता. त्या उन्हाळ्यात पाणवठ्याच्या वाटेवर एक बिबट्या येऊन बसला. येईल त्याला उचलायचा. ठिपकी नावाच्या हरिणीचं पाडस तहानेनं निपचित पडलं होतं. ठिपकी त्याला पहाटेचं दव चाटायला लावून कसंबसं जगवत होती.

शेवटी सगळे प्राणी दरबारात गेले.

दरबारात बगळा कारकून होता. शहराकडच्या तळ्यावर राहून तो कॉम्प्युटर शिकून आला होता. चोचीनं टकटक टाइप करी. पसारा त्याला अजिबात खपत नसे. त्यानं एक तक्ता केला. एका रकान्यात प्राणी, दुसऱ्यात तक्रार. तक्ता खूप लांब झाला.

महाराज वाचू लागले आणि त्यांना जांभई आली.

"बगळेराव, तेच तेच किती वाचायचं? आटोपशीर करा की."

"आत्ता करतो, महाराज."

बगळ्यानं तक्रारींचा रकाना निवडला. सारख्या ओळी गाळायच्या, प्रत्येकीतली एकच ठेवायची, असा हुकूम दिला. एक टक. खाली एकच ओळ उरली: 'पाणवठ्याच्या वाटेवर बिबट्या बसतो.'

"अख्ख्या राज्यात एकच तक्रार?" महाराजांना गहिवरून आलं. त्यांनी जेवणावळ जाहीर केली.

"महाराज, ती सगळ्यांची आहे हो!" ठिपकी कळवळली.

"बाई, सगळ्यांची आहे म्हणूनच ती एक आहे," बगळा शांतपणे म्हणाला. मला त्याचा अजून राग येतो.

प्राण्यांनी मात्र धडा घेतला. यादीत यायचं तर काहीतरी वेगळं हवं. पुढच्या दरबारात अस्वलानं लिहिलं, मध पातळ येतो. मोरानं लिहिलं, ढगांअभावी सराव बुडतो. साळिंदरानं लिहिलं, कौतुकाची थाप कोणी पाठीवर देत नाही. बिबट्याचं काय, ते दुसरं कोणीतरी लिहीलच, असं प्रत्येकाला वाटलं.

लिहिलं एकट्या ठिपकीनं.

आणि हो, बिबट्यानंही तक्रार दिली. पाण्याला येणारे हल्ली वेळ पाळत नाहीत, तिष्ठत बसावं लागतं.

यादी आता भरगच्च झाली. एकही ओळ दुसरीसारखी नव्हती. महाराज खूश झाले.

"ही बिबट्याबद्दलची ओळ कसली?"

"एकटीचीच आहे, महाराज. किरकोळ."

"मग राहू द्या. यातली चटकन सुटेल अशी कुठली?"

बगळ्यानं बिबट्याची तक्रार दाखवली. लगेच फर्मान निघालं: सर्वांनी पाण्याला वेळेवर यावे.

पाडसाच्या जिभेला कोरड पडली होती. ठिपकी त्याला घेऊन वेळेवर गेली.

पुढच्या दरबारात महाराजांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"ती बिबट्याबद्दलची तक्रार मिटली वाटतं?"

"मिटली, महाराज. आता कोणीच करत नाही."

पाडस पाणवठ्यावरून एकटंच परत आलं होतं. त्याला अजून लिहिता येत नव्हतं.

तात्पर्य: मुलांनो, शेजाऱ्यासारखंच दुःख असेल तर दरबारात जाऊ नका, ते तिथे आधीच पोचलेलं असतं. आपलं असं एखादं खास दुःख शोधून ठेवा. नाहीच सापडलं, तर बिबट्याचं मागून घ्या. त्याची दखल ताबडतोब घेतली जाते.