दारापर्यंतची पावती

माझ्या लग्नाची पत्रिका घेऊन मी शेजारच्या सोनावणे नानांकडे गेलो, तेव्हा त्यांनी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. आधी पोच दिली. 'लग्नपत्रिका नग एक, पाकिटासह, हळदीचं बोट लागलेली, चांगल्या स्थितीत मिळाली.' खाली सही, तारीख, वेळ. मध्ये कार्बन घातलेला होता. वरची प्रत मला, खालची त्यांच्या फायलीत.

"नाना, मी काय पत्रिका परत मागायला येणारे का?"

"लग्न मोडलं तर येशील," नाना म्हणाले आणि मग हसून पाणी दिलं.

नाना अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नोकरी सुटली, पण स्टोअर काही सुटलं नाही. कुळगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत प्रत्येक वस्तूची आवक-जावक लिहिलेली असे. माझ्या आईने साखर उसनी आणली की सोबत चिठ्ठी येई: 'साखर, वाटी एक, शीग लावून.' आईने सपाट वाटी परत पाठवली तर 'शीग येणे बाकी' अशी दुसरी चिठ्ठी. पावती नाही म्हणजे वस्तू नाही, हे त्यांचं पालुपद. आम्ही त्या बिल्डिंगमध्ये आलो तेव्हा त्यांच्या पत्नी, माई, हयात नव्हत्या. भिंतीवर फोटो होता, नुसता. त्या फोटोखाली मात्र कुठली चिठ्ठी नव्हती.

त्या सुमारास ग्राहकांसाठी नवा कायदा आला आणि नानांना जणू दुसरी नोकरी लागली. कल्याणहून त्यांनी त्याचं पुस्तक आणलं, त्याला खाकी कव्हर घातलं आणि बिल्डिंगभर अन्याय शोधत फिरू लागले. कुणाच्या कुकरची शिट्टी वाजत नव्हती, कुणाची पँट शिंप्याने घोट्याच्या वर शिवली होती. नाना रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडत आणि ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत. निम्मे दुकानदार कायद्याला घाबरून पैसे देत, उरलेले नानांच्या वाचनाला.

आता माझा पराक्रम. मी आनंदनगरच्या एका कंपनीत स्टोअरमध्येच क्लार्क. लग्नानंतर वैशालीला महाबळेश्वरला न्यायचं म्हणून उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये गोपशेठच्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात गेलो. "पूरा पैसा अभी दो, तो सफेद गाडी दूंगा," शेठ म्हणाला. बायकोला पांढऱ्या गाडीतून न्यायच्या कल्पनेने मी इतका हरखलो की सगळे पैसे मोजून दिले. तारीख टाकली तीस मार्च. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे रजा मागितली तेव्हा कळलं, मी काय केलंय ते.

गाडी रद्द करायला गेलो, तर गोपशेठने पावती उलटी करून दाखवली. मागे छापलं होतं: एकदा भरलेले पैसे परत मिळणार नाहीत.

मी तोंड पाडून नानांकडे गेलो. सगळं ऐकून त्यांना पैशांचं काही वाटलं नाही. त्यांनी चष्मा काढला. "स्टोअरचा माणूस मार्चअखेरीला महाबळेश्वरला निघाला? विल्या, अरे स्टॉक कोण मोजणार, सासरा?"

"चुकलंच नाना."

"पावती आहे?"

"आहे."

"मग बस." नानांनी खाकी पुस्तक उघडलं. "गाडी निघायला किती दिवस आहेत? तीन आठवडे. तेवढ्यात तो दुसरं गिऱ्हाईक बघू शकतो की नाही? तुला सेवा दिली नाही, गाडी दिली नाही, आणि पैसे सगळे खिशात. मागे छापलं म्हणजे कायदा झाला का? उद्या मी माझ्या पोचेमागे छापीन, पत्रिका देणाऱ्याने जेवण घालावं."

रविवारी आम्ही दोघं कॅम्प एकला गेलो. नाना पायरीवर जरा थबकले, मला वाटलं दम लागला. शेठ त्यांच्याकडे बघत राहिला. "आप पहले कभी आए थे क्या?"

"विषयाला धरून बोला," नाना म्हणाले आणि वाचायला लागले. सेवेतली त्रुटी, एकतर्फी अट, ठाण्याचा ग्राहक मंच, वकील लागत नाही, साधा अर्ज चालतो. तिसऱ्या पानावर शेठने गल्ला उघडला आणि सगळी रक्कम पुढे सरकवली. मी हात घातला, तर नानांनी माझ्या मनगटावर पुस्तक आपटलं.

"दहावा हिस्सा त्यांचा. बुकिंग लिहिलंय, कुणाला तरी त्या दिवसासाठी नाही म्हटलं असेल. त्यांचाही हक्क आहे." शेठच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कायद्याविषयी प्रेम दिसलं.

घरी आल्यावर नाना चहा टाकायला आत गेले आणि मला म्हणाले, "तुझ्या पावतीची नक्कल 'निकाली'त लाव." कपाटात दोन फायली होत्या. 'निकाली' उशीएवढी जाड. 'प्रलंबित'मध्ये एकच कागद. इथे कुणीही शहाणा माणूस कपाट बंद करतो. मी उघडून बघितलं.

गोपशेठच्याच दुकानाची पावती होती, चारेक वर्षांपूर्वीची. अ‍ॅम्बॅसिडर, एक दिवस, कुळगाव ते मुरबाडच्या पुढचं कुठलंसं गाव. 'दारापर्यंत' हा शब्द मुद्दाम लिहून घेतलेला, खाली दोन रेघा. पूर्ण रक्कम जमा. गाडी गेल्याची नोंद नव्हती.

मला भरून आलं. सगळ्या गावाचे पैसे सोडवणारा माणूस स्वतःचे विसरला. मी पावती खिशात घातली. पोच दिली नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी गोपशेठपुढे उभा राहिलो. नानांचं नाव काढताच त्याने वाद न घालता दहावा हिस्सा कापून पैसे दिले आणि पावती टेबलावरच्या खिळ्याला खोचली. मी पाव किलो पेढे घेतले, पाकीट आणि पेढे नानांपुढे ठेवले आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

"हे कसले?"

"प्रलंबित निकाली काढलं, नाना."

नानांनी पाकिटाला हात लावला नाही. "पावती कुठंय?"

"ती तिकडे जमा झाली. पैसे घेतल्यावर..."

नानांनी पेढ्यांचा पुडा बाजूला सारला. मग माईंच्या फोटोकडे न बघता बोलले. "तिच्या माहेरी एसटी फाट्यावर सोडते. तिथून चालत. डोक्यावर गाठोडं. तिला एकदा दारात गाडीतून उतरायचं होतं, भावजया बघत असताना. शनिवारची गाडी ठरवली. ती गुरुवारी गेली."

"मग रद्द का नाही केलीत? हक्काचे पैसे होते."

"रद्द केली असती तर जायचं संपलं असतं, विलास. आता जायचं राहिलंय."

ते मला विलास म्हणाले, तेवढं पुरे झालं. मी पाकीट उचललं आणि कॅम्प एक गाठला. शेठ शटर ओढत होता.

"शेठ, पैसे घ्या, पावती द्या."

"क्या? पैसा वापस देके रसीद मांगता है? ये कौनसा कायदा?"

मी सांगितलं. फाटा, गाठोडं, भावजया, सगळं. शेठने शटर पुन्हा वर केलं. खिळ्यावरून कागद एकेक करून उतरवले, सांभाळून, पण पावतीला मधोमध भोक पडलंच होतं. त्याने पैसे मोजले, कापून घेतलेला दहावा हिस्सा आठवणीने त्यात मिळवला, पावती उलटी केली आणि ते छापील वाक्य काट मारून खोडलं. खाली मोडक्या मराठीत लिहिलं, 'गाडी देणे बाकी'. वर शिक्का.

"उसको बोल, कभी भी," म्हणाला.

नानांनी ती पावती उजेडात धरली. भोकातून दिवा दिसत होता. मागचं वाचलं, पुन्हा वाचलं. फाईल काढली, 'प्रलंबित', कागद लावला. मग कार्बन घालून मला पोच लिहून दिली: 'पावती नग एक, भोकासह, चांगल्या स्थितीत मिळाली.'

मी उठलो तेव्हा त्यांनी पेढ्याचा पुडा पुढे केला, एक स्वतः घेतला.

"सूनबाईंचं माहेर कुठलं रे?"

"कर्जतच्या पुढे. एसटीने जाऊन मग अर्धा तास चालायचं."

"एप्रिलात घेऊन जा. गाडीने. पैसे सगळे आधी देऊ नकोस." नाना पेढा संपेपर्यंत थांबले. "आणि दारापर्यंत, असं लिहून घे."