माहितीसाठी प्रत

मुलीच्या लग्नाच्या पत्रिका जेवणाच्या टेबलावर येऊन पडल्या आणि जावककाकांनी चष्मा पुसला. चौतीस वर्षं कचेरीच्या जावक विभागात पाकिटांवर पत्ते घालून ते निवृत्त झाले होते, म्हणून सगळे त्यांना याच नावाने ओळखायचे. घरची पाकिटं मात्र बायको लिहायची. कोणाचं नाव आधी, कोणाला कोणती पदवी, सगळं तिच्या डोक्यात असायचं. ती त्यात अख्खी दुपार घालवायची आणि हे म्हणायचे, "पत्ता बरोबर असला की पोचतं." ती जाऊन सात महिने झाले होते. विचारून ठेवायचं राहूनच गेलं होतं.

"बाबा, डॉक्टरबाईंचं पाकीट नीट लिहा हं," मुलगी म्हणाली. "आईजवळ शेवटी रोज येऊन बसायच्या. त्या आल्या नाहीत तर आईकडचं कोणीच नाही असं वाटेल मला."

"अगं, चौतीस वर्षं मी काय गवत उपटत होतो?"

डॉक्टरबाईंचे यजमान निवृत्त कर्नल. एका पाकिटावर दोन मोठी माणसं कशी बसवायची, याचा कचेरीतला नियम काकांना पाठ होता: पत्र एकाच्या नावे, दुसऱ्याला प्रत. त्यांनी वळणदार अक्षरात कर्नलसाहेबांचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'माहितीसाठी प्रत: डॉक्टरबाई'.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"काका, मी प्रत आहे का?" डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं. त्या शांतपणाचीच काकांना भीती वाटली. "आणि तीही माहितीसाठी. म्हणजे यायचं नाही, नुसतं कळवलंय."

काकांनी माफी मागितली आणि लगेच चूक दुरुस्त केली. दोघांना दोन स्वतंत्र पत्रिका, दोन पाकिटं. कोणीच प्रत नाही.

मुलीने कपाळाला हात लावला. "एका घरात दोन पत्रिका? लोक काय समजतील?"

लोक दोन दिवसांत समजले. इमारतीच्या पहारेकऱ्याने दोन पाकिटं पाहून शेजारणीला विचारलं, "डॉक्टरबाई वेगळ्या झाल्या का हो?" शेजारणीने काळजीपोटी डॉक्टरबाईंच्या बहिणीला कळवलं. बहीण बॅग भरून समजूत घालायला आली आणि काहीच झालेलं नाही हे मान्य करायला तयार होईना.

रविवारी सकाळी दोघं नवरा-बायको काकांच्या दारात उभी राहिली.

"चार दिवस मेव्हणी माझ्याशी बोलत नाही," कर्नल म्हणाले. "काल म्हणाली, चुकलं असेल तर कबूल करा, मन हलकं होईल."

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "ही असती तर..."

कर्नल खुर्चीत बसले. त्यांचा आवाज उतरला. "अहो, सोपं असतं ते. पाकीट एकच. दोघांची पूर्ण नावं. आणि बाईचं नाव आधी. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तेवढंच शिकलोय. आम्ही येतोय, तसं उत्तर लिहून आणलंय. नमुना म्हणून ठेवा."

काकांनी पाकीट हातात घेतलं. अक्षर ठसठशीत होतं. वरच्या ओळीत काकांच्या बायकोचं पूर्ण नाव, खाली काकांचं.

डॉक्टरबाईंनी वाकून पाहिलं आणि नवऱ्याचा दंड धरला. "अहो, हे काय लिहिलंत?"

कर्नलांचे कान लाल झाले. "सवयीने गेलं हातून. द्या इकडे, दुसरं लिहितो."

काकांनी पाकीट सोडलं नाही. हाताखालून लाखभर पाकिटं गेली असतील, पण तिचं नाव त्यांनी कधी एकावरही लिहिलं नव्हतं. दारावरच्या पाटीवरसुद्धा ते एकटेच होते. पाटी लावली तेव्हा ती म्हणाली होती, "जागा आहे की अजून." त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

"राहू द्या," काका म्हणाले. "क्रम बरोबर आहे."