पाणी दाखवणाऱ्या कार्डाची खरेदी

गरज क्षणभंगुर असते. कोटेशन मात्र फायलीत कायम राहते. म्हणून शहाण्या माणसाने आधी कोटेशन घ्यावे आणि गरजेचे नंतर बघावे. बाळकुमच्या एका रंगाच्या कारखान्यात वीस वर्षे खरेदी विभाग सांभाळणाऱ्या नाथाचे हे तत्त्व होते. या तत्त्वापायी त्याने कारखान्याला साधा झाडूही तीन कोटेशनांशिवाय घेऊ दिला नव्हता. (एकदा झाडूंची फाईल मंजूर होईपर्यंत पॅकिंग खात्यात घोटाभर धूळ साचली. पण झाडू बाजारापेक्षा चाळीस पैशांनी स्वस्त पडले, आणि धुळीची नोंद ठेवायला कारखान्यात रजिस्टर नव्हते.)

असा हा नाथा १९९८ च्या जून महिन्यात कॉम्प्युटरचे ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघाला.

कॉम्प्युटर घरात आधीपासून होता. तो मुलीच्या, म्हणजे जनीच्या, अभ्यासासाठी घेतलेला होता आणि त्या काळातल्या ठाणे-डोंबिवलीच्या यच्चयावत कॉम्प्युटरांप्रमाणे त्याच्यावर अभ्यास सोडून बाकी सर्व काही होत असे. तेवढ्यावर कुटुंब समाधानी होते. अडचण झाली ती दाजींमुळे.

दाजी म्हणजे नाथाचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, पैकी पन्नास वर्षे खाडीत होडी घालण्यात गेलेली. पुढे खाडीत मासळी कमी आणि फेस जास्त यायला लागला, तेव्हा होडी विकून ते कोपरीच्या घरात खिडकीपाशी बसले. खिडकीतून खाडीची एक चिंचोळी पट्टी दिसे. पट्टीचा रंग आठवड्यातून तीनदा बदलायचा. (आज कुठला रंग आहे हे नाथाला खिडकीत न जाताही सांगता आले असते, पण कारखान्यातल्या गोष्टी तो घरी बोलत नसे.)

त्या उन्हाळ्यात शेजारच्या अँब्रोजने आपल्या कॉम्प्युटर क्लासच्या वाढदिवसाला दाजींना खुर्चीसकट दुसऱ्या मजल्यावर उचलून नेले आणि क्लासातल्या एका पोराला खेळायला बसवून कौतुकाने बोटींच्या शर्यतीचा एक खेळ दाखवला. दाजींची नजर तोवर बरीच अधू झाली होती. त्यांनी पडद्याला नाक लावले, एका लाटेकडे मिनिटभर बघितले आणि म्हणाले, "ही लाट खरी हाय. वारा उत्तरेचा हाय. ह्या पोरानं बोट आडवी घातली तर बुडल." पोराने बोट आडवी घातली आणि ती बुडाली. दाजी इतके खूश झाले की परतताना जिन्यात खुर्ची दोनदा निसटली तरी त्यांनी फक्त एकदाच शिवी दिली. मात्र पुन्हा त्या जिन्याने चढणार नाही, असे त्यांनी खाली पोचल्यावर जाहीर केले.

नाथाने त्याच खेळाची सीडी घरी आणून लावली. दाजींनी पडद्याला नाक लावले. "हे पानी नाय," ते म्हणाले. "ही मोरीची लादी हाय."

"कार्ड नाही ना तुझ्याकडे, मॅन," अँब्रोजने खुलासा केला. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पोस्टकार्डाहून थोडी मोठी, हिरवी, किडे चिकटल्यासारखी दिसणारी पट्टी. ती कॉम्प्युटरच्या पोटात खोचली की खेळातले पाणी पाण्यासारखे दिसते. न खोचल्यास लादीसारखे. दाराबाहेरच्या खाडीत ही सोय नव्हती.

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाजींचा काचबिंदू तपासला आणि नाथाला बाजूला घेऊन सांगितले, "दिवाळीपर्यंत काय दाखवायचं ते दाखवून घ्या." नाथाचा बापावर जीव होता. दाजींना घरात बसून, चहा पीत, पोटभर पाणी बघू द्यायचे, असे त्याने त्याच क्षणी ठरवले, आणि दुसऱ्या दिवशी ‘दाजी – पाणी’ या नावाने फाईल उघडली.

खरेदीचे नियम सोपे होते. एक, कार्ड बजेटात बसावे. दोन, तीन कोटेशने असावीत: एक ठाण्याचे, एक डोंबिवलीचे, एक कल्याणचे. तीन, तिन्ही एकाच दिवशी वैध असावीत. पैकी तिसरा नियम पाळणे मनुष्यमात्राला अशक्य आहे, हे हळूहळू लक्षात आले. ठाण्याचा दुकानदार कागदावर ‘भाव आजपुरता’ असे लिहून देई; तो कागद घेऊन नाथा शनिवारी डोंबिवलीला आणि रविवारी कल्याणला पोचेपर्यंत ठाण्याचा भाव उतरलेला असे. मग पुन्हा ठाणे.

शिवाय वस्तूच चंचल. चार एमबीचे कार्ड मागितले की दुकानदार दयेने बघून आठ एमबीचे दाखवी. आठचा विचार पक्का होईस्तोवर सोळाचे येई आणि आठवाले रातोरात गरीब होत. जून ते सप्टेंबर या काळात नाथाने अकरा दुकानांतून सव्वीस कोटेशने जमवली. परिणामी त्याला या विषयात इतके कळू लागले की कल्याणपासूनची माणसे सल्ल्याला येऊ लागली. सल्ला एकच असे: थांबा. तो ऐकून नऊ जणांनी कार्ड घेतले नाही आणि प्रत्येकाची सरासरी अठराशे रुपयांची बचत झाली. दोघांनी सल्ला झुगारून कार्ड घेतले. ते दोघे सध्या खेळत बसलेले आहेत, एवढेच त्यांच्याबद्दल सांगता येईल.

गणपती आटोपल्यावर नाथाची बायको सगुणा स्वतः दुकानात आली. ती कोपरीच्या बाजारात मासळी विकते. तिने आजवर कुठल्याही वस्तूचे कोटेशन घेतलेले नाही. ठाण्याच्या गोविंदाशेठच्या दुकानात तिने कार्ड हातात घेतले, उलटे केले, वरच्या चिमुकल्या पंख्याला माशाचा कल्ला दाबतात तसे अंगठ्याने दाबले आणि भाव विचारला.

"पाच हजार दोनशे, मावशी."

"चार," सगुणा म्हणाली आणि पायरी उतरू लागली. तिसऱ्या पायरीवर हाक आली, "बरं, चार सहाशे, घेऊन जा!" तिने कनवटीची पिशवी सोडली. एकंदर सात मिनिटे लागली होती.

नाथाने तिचा हात धरला. कल्याणचे कोटेशन यायचे होते. आणि पुढच्या महिन्यात भाव उतरणार होता. गोविंदाशेठलाच विचार हवे तर. गोविंदाशेठ प्रामाणिक माणूस. "उतरेल की," तो म्हणाला, "नेहमीच उतरतो."

"मासली उद्या सस्ती व्हनार म्हनून कुनी उद्या घेत नाय," सगुणा म्हणाली. "उद्या ती वास मारते. आनि डॉक्टर दिवाली बोललाय, ऐकलाव ना तुमी?"

इथे नाथा समजुतीने हसला, कारण या मुद्द्याचा त्याने आधीच विचार केला होता. वीस वर्षे त्याने मानपाड्याच्या सप्लायरांकडून डबे, झाकणे आणि खिळे मागवले होते. मानपाड्याचा माणूस ‘दिवाळीपर्यंत’ म्हणाला की माल डिसेंबरअखेर येतो. सात वर्षांचा तक्ता त्याच्याकडे होता आणि सरासरी उशीर एकाहत्तर दिवसांचा होता. डॉक्टर झाला तरी तारीख देणारा माणूसच. तेव्हा दाजींची नजर एकोणतीस डिसेंबरपर्यंत धरायला हरकत नव्हती, आणि तोवर आठ एमबीचे कार्ड साडेतीन हजारांच्या खाली येत होते. हे सर्व त्याने सगुणाला रस्त्यात समजावून सांगितले. तिने चालता चालता कनवटीची पिशवी पुन्हा बांधली.

डॉक्टर वेळेवर माल देणारे निघाले. दिवाळीला चार दिवस असताना, सकाळी नऊच्या सुमाराला, दाजींनी खिडकीपाशी बसून हाक मारली, "सगुणे, खिडकी कुनी लावली गं?"

खिडकी उघडी होती. बाहेर ऊन पडले होते. नाथा खांद्यावर टॉवेल टाकून मोरीत निघाला होता, तो तिथेच उभा राहिला आणि रडला. त्या दिवशी तो कामावर गेला नाही, आणि वीस वर्षांत प्रथमच त्याला एका तारखेची चीड आली.

फाईल मात्र उघडी होती. उघडलेली फाईल बंद करण्याचे दोनच मार्ग असतात: खरेदी करणे किंवा गरज संपल्याचा शेरा मारणे. दुसरे नाथाच्या हातून झाले नाही. पेन दोनदा उचलले आणि दोनदा ठेवले. शेवटी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, कोपरीच्या इतिहासात प्रथमच, तीन कोटेशने एकाच दिवशी वैध झाली आणि कार्ड घरी आले.

अँब्रोजने ते खोचले. पडद्यावर पाणी असे काही उसळले की जनी अभ्यासाचे पुस्तक टाकून धावत आली. दाजींची खुर्ची समोर ओढली. "दाजी, बघा..." नाथा म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

दाजी स्पीकरकडे कान करून बसले. (स्पीकर जुनेच होते. ते कॉम्प्युटरबरोबर फुकट आले होते आणि जूनमध्येही तिथेच होते.) "मशिनीत ऑइल कमी हाय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पानी कसं हाय रं?"

आयुष्यात एकदाही खाडीत न उतरलेला नाथा पडद्याला नाक लावून बसला. "हिरवं हाय, दाजी," तो म्हणाला. "तुमी जायचे तवासारखं. लाट मोठी नाय. फेस नाय." बापाशी तो कितीतरी वर्षांनी असा घरच्या भाषेत बोलला. दाजींनी अर्धा तास त्याच्याकडून पाणी ऐकले, बोट कुठे घालायची ते सांगितले, तीनदा त्याची अक्कल काढली आणि खुर्चीतच झोपले.

संध्याकाळी आळी लोटली. माणसे आली, पाणी बघितले, दाजींकडे बघून चुकचुकली आणि नाथाला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारून गेली. नाथाने कोणालाही उत्तर दिले नाही. लोकांना वाटले, फसला असणार.

आता आपले, म्हणजे वाचकांचे, राहिले. दाजींचे वाचून आपल्याला वाईट वाटले, याबद्दल शंका नाही. आपण हळव्या मनाचे आहात. पण मघाशी, कार्ड घरी आले त्या ओळीवर, आपल्याही मनात एक प्रश्न येऊन गेला आणि तो आपण सभ्यपणे गिळलात. गिळू नका, विचारा. शेवटी कितीला पडलं?

तीन हजार शंभर.

बघा, स्वस्त वाटलं ना?