समुद्राकडे तोंड असलेलं बाक

वसुधाताई आपटे समुद्रावर सुट्टीला जातात ती बाकं बघायला. इतर लोक चौकशी करतात की पोहता कुठं येतं, मासे ताजे कुठं मिळतात, सूर्यास्त कुठून छान दिसतो. वसुधाताई विचारतात, बसायची सोय आहे का? बाक असेल तर त्याला पाठ आहे का, सावली किती वाजता येते, वाऱ्यानं डोळ्यांत वाळू जाते का, आणि गरम चहाच्या बाटल्या विकणारं यंत्र बसल्या जागेवरून दिसतं का. या परीक्षेत पास होईल ते प्रेक्षणीय स्थळ.

इथं जपानात, तोक्योजवळच्या इचिकावात त्या आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. आपटेसाहेब बँकेत. आधी काही वर्षं इंग्लंडला होते, मग इथं बदली झाली. वसुधाताई पंचावन्नच्या आसपासच्या, ठेंगण्या, गुटगुटीत, आणि बोलायला लागल्या की ऐकत बसावं अशा. सुट्टीचा विषय निघाला की त्यांना इंग्लंडातलं समुद्रकाठचं एक खेडं आठवतं. तिथं किल्ला होता म्हणे, जुनं बंदर होतं, कड्यावरून जाणारी पायवाट होती. पण वसुधाताई सांगतात ते बाकांबद्दल. तिथल्या बाकांवर पितळी पट्ट्या असतात आणि त्यांवर गेलेल्या माणसांची नावं. अमुक बाईंना ही जागा फार आवडायची, एवढंच लिहिलेलं.

"आपल्याकडे माणूस गेला की देवळाला पंखा देतात," त्या म्हणतात. "त्यापेक्षा हे बरं. पंख्यावरचं नाव वाचायला मान मोडते."

माझी मुलगी त्यांना बेंची-सान म्हणते, कारण बाकाला जपानीत बेंची म्हणतात. वसुधाताईंना या नावाचा अभिमान आहे. त्यांना जपानी वाक्यं दोनच पक्की येतात. एक, आज कुठला कचरा टाकायचा. आणि दुसरं, 'सुवारु तोकोरो वा दोको देस का', म्हणजे बसायची जागा कुठं आहे.

हे दुसरं वाक्य त्यांनी आमच्याबरोबर आल्या असताना, जवळच्या बोसो द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर, एका गावातल्या पर्यटन केंद्रात वापरलं. टेबलामागच्या मुलीनं त्यांच्यापुढं फुलांच्या शेतांची, गुहांची आणि मत्स्यालयाची माहितीपत्रकं मांडली. वसुधाताईंनी सगळी नीट घडी करून पर्समध्ये ठेवली, आभार मानले आणि पुन्हा तेच विचारलं. शेवटी आतून एक म्हातारे गृहस्थ आले आणि आम्हाला रस्ता ओलांडून समोरच्या बसथांब्यावर घेऊन गेले. तिथं कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या जुन्या खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीला विणलेली गादी बांधलेली होती. समोर समुद्र. वसुधाताई म्हणाल्या, "जरा टेकूया." थोड्या वेळानं बस आली. ड्रायव्हरनं दार उघडलं. वसुधाताई बसल्या जागी वाकल्या. तोही वाकला. कुणी उठेना, तेव्हा तो पुन्हा वाकला, मग वसुधाताईही. बस निघून गेली. पुढच्या बसलाही तसंच झालं. आम्ही मात्र तिथं चिवडा खात बसलो आणि गुहा बंद व्हायची वेळ झाली.

माझा नवरा म्हणायचा, यांच्याबरोबर गेलं की अर्धं गाव बघायचं राहून जातं. ते खरंच होतं. दर चढाच्या पायथ्याशी, दर वळणावर ते 'जरा टेकूया' यायचंच. आपटेसाहेब तसे उंच, ताठ, चालताना हात मागे बांधणारे. तेही मुकाट्यानं शेजारी बसत आणि आमच्याकडे बघून हसत. या बाईंपुढं त्यांचं काही चालत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोन्ही कुटुंबं बोसोलाच, आणखी दक्षिणेला, एका घरगुती लॉजमध्ये उतरलो होतो. मागं टेकडी, टेकडीवर छोटं देऊळ, आणि तिथवर दगडी पायऱ्या. सकाळी मला लवकर जाग आली, म्हणून एकटीच वर निघाले. पायऱ्या चांगल्याच उभ्या होत्या. निम्म्यावर धापा टाकत उभी होते, तेवढ्यात खालून कुणीतरी भराभर चढत आलं. पदर खोचलेला, पायात बूट. वसुधाताई. मला बघून त्या थबकल्या, पण दम लागल्याचं चिन्ह नव्हतं.

वर गेल्यावर मी विचारलंच, मग एरवी ते दर चढाला टेकणं कशाला? त्यांनी आधी देवाला हात जोडले, मग म्हणाल्या, "इंग्लंडला त्या कड्यावर चाललो होतो. हे मध्येच थांबले. चेहरा पांढराफटक. आणि मलाच विचारतात, दमलीस का? मी म्हटलं, हो, फार दमले. जरा टेकूया."

मग त्यांनी सांगितलं की डॉक्टरांना दाखवलं, औषधं चालू आहेत, घाबरण्यासारखं काही नाही. चालायचं, पण दम लागेल तिथं थांबायचं, एवढंच पथ्य. "पण दमलो म्हणायला त्यांना फार जड जातं गं. मला नाही जात."

कुणाला सांगू नकोस, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. समुद्र डोळे भरून पाहून घेतला आणि साहेब उठायच्या आत खाली पोचायला हवं म्हणून तशाच भराभर उतरून गेल्या.

न्याहारीनंतर सगळे देवळाकडे निघाले. वसुधाताई खालच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही या जाऊन, मला काही जमायचं नाही. साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"मी आलो असतो हो," ते हळूच म्हणाले. "पण तिला एकटीला सोडून कसं यायचं? चढ लागला की थकते बिचारी. तुम्ही एक करा. वरून दोन-चार फोटो काढून आणा. तिला दाखवायचेत."

मी पुन्हा त्या पायऱ्या चढले. वाकून, पुढं होऊन, दोन्हीकडचा समुद्र येईल असे फोटो काढले आणि खाली येऊन मोबाइल साहेबांच्या हातात दिला. ते वसुधाताईंच्या जवळ सरकले. उन्हात नीट दिसावं म्हणून त्यांनी मोबाइलवर तळहाताची सावली धरली. वसुधाताईंनी चष्मा लावला आणि एकेक फोटो सावकाश बघितला.

"केवढा दिसतो हो वरून," त्या म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा खुलला. बंदर कुठलं, आपण उतरलोय ते छप्पर कुठलं, हे ते बोटानं दाखवायला लागले. वसुधाताईंनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पहिला परत दाखवा बघू."